चार धुराड्यांची बोट

"कागदावर जाऊ नको, जयवंता. कागद कोनी बी लिवतो. डोळ्यानं पायलेला मानूस येऊन सांगंल, तवाच कपाळाच्या कुंकवाला हात लाव. अन् तो बी तुझाच हात असू दे. दुसऱ्या कुनाला शिवू देऊ नको."

बारा वर्षं उलटून गेली, तरी नवऱ्याचा, जैतूचा, तो आवाज जयवंताच्या कानात जसाच्या तसा होता. आत्ताही तो आला, कारण अंगणात तिचा मोठा दीर आबाजी जोशीबुवांनी सांगितलेलं सामान बोटांवर मोजत होता.

"डोक्याच्या जागी नारळ. दर्भ. लोकरीचा धागा. अन् पळसाची पानं तीनशे साठ, देठासकट. हातांना इतकी, पायांना इतकी, समदं ठरल्यालं असतं. उद्या अवस. सकाळी पुतळा बांधायचा, नदीवर न्यायचा, अग्नी द्यायचा. बारा वर्सं पत्ता नाय त्याला शास्त्रानं एवढीच वाट ठेवलीय, जयवंता."

तेवढ्यात टेकडीपलीकडच्या खडीच्या खाणीत सुरुंग उडाला. पायाखालची जमीन हलकेच हलली, आणि फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणली. रोज दुपारी असं व्हायचं. तरी जयवंताचा हात आपसूक गळ्यातल्या काळ्या पोतीकडे गेला.

"भावजी," ती हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज कधी चढलाच नव्हता, म्हणून तिला अडवणंही कठीण जायचं. "मी शबूद दिलाय. पायलेला मानूस सांगू दे, मी आड येनार नाय. पर कोनी सांगितलं नाय, तर मी जित्या मानसाला जाळू देनार नाय."

"पायलेला मानूस!" स्वयंपाकघरातून तिची जाऊ इंदूबाई म्हणाली. "दर्या येनार हाय व्हय सांगायला? अगं, पुढल्या पंधरवड्यात माझ्या पोरीला हळद लागायची. तू तिला अंगाखांद्यावर वाढवलीस, मला काय ठावं नाय? पर बाया इचारतात, जयवंता सवाशीण का कोन? मी काय सांगू गं त्यांना?"

"धोंडीभाऊजी येनार हायेत आज."

"धोंडी काय सांगायचा!" आबाजीनं टोपी झटकली. "बोटीचं पुरान लावंल. चार धुराडी, चार तोफा. आमाला बी पाठ हाय आता."

जयवंतानं राखेची ओंजळ भरून घेतली, खरकटी भांडी पाटीत घातली आणि ती नदीकडे निघाली.

जैतू पोशीरचा, धोंडी खालापुराकडच्या डोंगरातला. दोघांची गाठ पडली ती कर्जतच्या इंजिनांवर. घाट चढायला गाडीला मागून जोर देणारी इंजिनं तिथं असतात, त्यांच्या भट्टीत हे दोघे कोळसा मारायचे. घाटात कोळसा मारणारा माणूस कुठंही कोळसा मारू शकतो, असं म्हणत लढाईच्या दिवसांत मुंबईचा एक सारंग, बोटीवरच्या खलाशांचा मुकादम, कर्जतला आला. बोटीवर माणसं कमी पडत होती. धोंडीनं आपल्या नावानं खलाशाचा दाखला काढला. जैतूचा दाखला वेळेत होईना, तेव्हा सारंगानं त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी जुना दाखला दिला. माणूस जैतू, कागदावरचं नाव भलत्याचं. तसं पुष्कळ चालायचं म्हणे.

म्हणून जाताना जैतूनं बजावलं, कागदावर जाऊ नको. आणि पुढचं जे बजावलं, त्याला वेगळं कारण होतं. त्याचा बाप गेला तेव्हा तो सात वर्षांचा होता. गावच्या बायांनी त्याच्या आईचे हात धरून बांगड्या वरवंट्यानं फोडल्या, काच मनगटात शिरली, आणि ती जखम पावसाळाभर चिघळत राहिली. ते त्यानं पाहिलेलं होतं. जयवंतानं त्याच्या तळहातावर हात ठेवून शब्द दिला. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

पुढच्या दिवाळीला धोंडी एकटा परत आला.

आयर्लंडच्या दर्यात वैशाखात बोट फुटली, असं त्यानं सांगितलं. पाणबुडीनं टारपेडो मारला. आपण एका फळकुटावर, जैतू जवळच पाण्यात. मग अमेरिकेच्या लढाऊ बोटी धावून आल्या, एक नाही, तीन. एकीनं आपल्याला उचललं.

"अन् हे?"

धोंडीनं खाली मान घातली. मग तो म्हणाला, "दुसरीनं घेतलं असंल, वैनी. अमेरिका लई लांब हाय."

एवढ्या एका वाक्यावर जयवंतानं बारा वर्षं काढली.

दर भाऊबीजेला धोंडी यायचा. ती ओवाळायची आणि जेवायला वाढून समोर बसायची. "सांगा," म्हणायची. आणि धोंडी सांगायचा. चार दिवस तो त्या बोटीवर राहिला होता, आगवाला म्हणून तिच्या भट्टीपाशीही उतरला होता. तिथल्या एका म्हाताऱ्या आगवाल्यानं तोडक्यामोडक्या इंग्रजीत आणि हातवारे करून त्याला सगळं दाखवलं होतं.

"डिस्ट्रायर म्हनतात तिला. लांब, अन् सुतारानं रंधा मारल्यागत बारीक. चार धुराडी एकामागं एक. पर कोळसा नाय, वैनी! तेल. बारीक तोंडातनं फवारा उडतो अन् भडका होतो. फावडं मारायला नको. मी बघतच राह्यलो. तो म्हातारा म्हनला, आमी बी आदी कोळसाच मारत व्हतो, या बोटी लहान व्हत्या तवा."

"पयल्यापास्नं सांगा."

"पयले कसं व्हतं, टारपेडो घिऊन बारक्या बोटी यायच्या अन् मोठ्या बोटींना मारून पळायच्या. त्यांना हुसकायला ही काढली. मंग कोनी तरी म्हनलं, ही एवढी पळती तर हिच्याच अंगावर टारपेडो का घालू नये? घातले. तीन तीन नळ्या एकत्र बांधलेल्या, अशा चार जागी. बारा नळ्या. अन् चार तोफा. चार इंची म्हंजे तोंड एवढं," तो मूठ दाखवायचा, "पर गोळा कोसभर जातो. मंग लढाईत पानबुड्या आल्या. त्या पान्याखाली, तितं तोफ काय करनार? मंग शेपटीपाशी पिंपं आनली."

"पिंपांनी काय होतं?"

"पानबुडी मरती," धोंडी म्हणायचा आणि पाणी मागायचा. दर वर्षी तिथंच त्याला तहान लागायची. जयवंताला त्याचं कधी काही वाटलं नाही.

जिनं कधी समुद्र पाहिला नव्हता, त्या जयवंताला ही बोट स्तोत्रासारखी पाठ झाली. जैतूला घेणारी दुसरी बोटही अशीच असणार, आणि तिच्या मनात दोन्हींची एकच झाली होती. मासळी तिनं सोडली, ती जैतू येईपर्यंत. सोमवार धरले, श्रावणातले आणि बिनश्रावणातलेही. आणि तुळशीपुढच्या दिव्यात एका वातीऐवजी ती चार वाती लावू लागली, चार धुराड्यांच्या चार. हात जोडून पुटपुटायची, "तिला औक्ष दे, देवा. तिच्या तोफांना, तिच्या नळ्यांना, तिच्या पिंपांना औक्ष दे. माझं मानूस तिच्या पोटात हाय." इंदूबाईला हसू यायचं, पण दिव्यापुढे कुणी हसत नसतं, म्हणून ती आत निघून जायची.

वैशाखात नदी नुसती दगडांची उरते. पाणी असतं ते एका डोहात, आंब्याखाली, काळंशार. जैतू लहानपणी तिथंच पोहायला शिकला होता. जयवंता काठावर बसून तांब्या घासत होती. पलीकडच्या उतारावरून धोंडी येताना दिसला. नेरळला उतरून चालत आला होता. पन्नाशीला टेकला नव्हता, पण पाठीत वाकलेला. गेल्या साली घाटात विजेची इंजिनं आली, तेव्हापासून त्याच्या हाताला फावडं नव्हतं. आता तो इंजिनं पुसायचा.

"या भाऊजी," ती म्हणाली. "दमलात."

"वैनी." तो पाण्याच्या कडेशी उकिडवा बसला. "आबाजीचा निरोप आला."

ती काही विचारणार, एवढ्यात वरच्या अंगाला दगडावर पोपट नावाचा माणूस दिसला. खाणीत सुरुंगाची कामं करणारा, भरघोस मिशांचा, नेहमी हसरा गडी. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली कांडी होती आणि तिची वात पेटलेली होती.

"वैनी, सरका गं मागं!" तो ओरडला. "अवसेच्या आदी मासळी काढतो! तुमाला नाय चालत, आमाला चालती!"

कांडी डोहात पडली. क्षणभर काहीच झालं नाही. मग जमिनीच्या पोटातून आल्यासारखा एक दबका आवाज झाला. तो कानांना नाही, बरगड्यांना लागला. डोहाचं पाणी मधोमध फुगलं, पांढरं होऊन वर चढलं आणि खाली कोसळलं. आंब्यावरचे कावळे उठले.

जयवंतानं वळून पाहिलं. धोंडी दगडावर पालथा पडला होता. दोन्ही हातांनी त्यानं दगड कवटाळला होता आणि पोट उचलून धरलं होतं, जणू खालच्या ओल्या वाळूलाही ते लागू द्यायचं नव्हतं.

"अवो, काय झालं?"

पाण्यावर एकेक मासा वर येऊ लागला. पांढरी पोटं, उघडे डोळे. हळूहळू ते काठाकडे लागले. पोपट टोपलीत भरत होता आणि स्वतःशीच गात होता. एक मळ्या मासा वाहत वाहत जयवंताच्या पायाशी आला. बारा वर्षांत तिनं मासळीला हात लावला नव्हता. आता लावला. तिनं तो उलटून पाहिला, पालटून पाहिला. एकही जखम नव्हती. खवला हललेला नव्हता. फक्त आत काही राहिलं नव्हतं, हाताला तो रिकाम्या पिशवीसारखा लागत होता.

पाणी झाडागत वर येतं, असं धोंडी एकदा बोलून गेला होता. चौथ्या की पाचव्या भाऊबीजेला. आणि लगेच पाणी मागितलं होतं.

पोपट टोपली घेऊन गेला. जयवंता धोंडीसमोर येऊन बसली. मासा अजून तिच्या हातात होता.

"भाऊजी, पिंपांनी काय होतं?"

धोंडी उठून बसला. त्याच्या दाढीला वाळू लागली होती.

"तुमीच डोळ्यानं पायलंय," ती म्हणाली. "मला दुसऱ्या कुनाचं ऐकायचं नाय."

"वैनी..." तो डोहाकडे बघत राहिला. मग एकदम बोलू लागला, कुणी ढकलल्यासारखा. "मला पवता येत नव्हतं. तुमाला ठावं हाय, आमच्या डोंगरात कुटलं पानी. बोट बुडली तवा एक फळकूट सापडलं. दोघांना पेलंना. जैतूनं मला खालून ढकलून वर चढवला. 'मला पवता येतं, तू चढ,' म्हनला. चाळीसेक मानसं व्हती आमी पान्यात. गार पानी, बर्फागत. मंग ती आली. लांबनं चार धुराडी दिसली. मानसं वरडाया लागली, हसाया लागली. जैतूनं डोईचं फडकं काढून हालवलं. 'आली बघ आपली बोट,' म्हनला."

"मंग?"

"ती थांबली नाय. थांबनार बी नव्हती. ती पानबुडी आमच्या खालीच व्हती, वैनी. आमच्या पायाखाली. अन् मागं आनखी वीस बोटी येत व्हत्या, मानसांनी भरल्याल्या. या बोटीनं पानबुडी सोडली असती तर त्या बुडाल्या असत्या. मला मागनं त्या म्हाताऱ्यानं सांगितलं, पिंपाला एक किल्ली असती. किती खोल गेल्यावर फुटायचं ते फिरवून ठेवायचं अन् घसरगुंडीवरनं सोडायचं. दोन बाजूंना फेकायला बेचक्यासारखी तोफ बी व्हती. ती आमच्यातनं गेली. येवढ्या जवळनं की वरच्या मानसांची तोंडं दिसली. कोनी तरी वरनं हात हालवून सांगत व्हतं, लांब जा, लांब जा. कुटं जानार? अन् पिंपं पडली."

या वेळी त्यानं पाणी मागितलं नाही.

"मी फळकुटावर पालथा व्हतो, पोट पान्याभायेर. म्हनून जगलो. पान्यात व्हते त्यातलं कोनी नाय राह्यलं. जैतू उताना आला वर. डोळे उघडे. फडकं हातातच."

"लागलं व्हतं?"

"नाय. एक ओरखडा नाय."

जयवंतानं हातातला मासा पाण्यात सोडला. तो उलटाच तरंगत राहिला.

"बारा वर्सं मी तिला औक्ष मागितलं," ती म्हणाली.

"मला ठावं हाय. दर भाऊबीजेला त्या चार वाती बघायचो, अन् ठरवून आल्यालं तोंडातच राहायचं." धोंडीनं गुडघ्यांत तोंड घातलं. "परत फिरून तिनंच मला उचललं. चार दिवस त्यांचीच भाकर खाल्ली, त्यांचंच पांघरूण घेतलं. ज्यानं पिंपं सोडली तो गडी कॉफीचा मग घिऊन आला माझ्याकडं. मी घेता घेता निम्मी कॉफी दोघांच्या अंगावर सांडली. त्याला मी काय म्हनायचं व्हतं? अन् तुमाला काय म्हनायचं व्हतं? ज्यांनी मारला, त्यांचंच मीठ खाऊन आलो, असं? मंग मी तुमाला तोफा सांगितल्या. नळ्या सांगितल्या. तेवढं सांगता येत व्हतं."

वरच्या झाडीत कावळे परत बसायला लागले होते. त्यातला एक खाली उतरला, पाण्याच्या कडेला अडकलेल्या माशापर्यंत चालत गेला आणि तसाच उडून गेला, न शिवता.

"शिव्या द्या, वैनी."

"कशाला?" तिनं पदरानं हात पुसले. "तुमी पायलं, तुमी सांगितलं. मला एवढंच पायजे व्हतं." मग ती म्हणाली, "उद्या चार मानसांत सांगाल?"

"सांगन."

तिनं घासलेली भांडी पुन्हा एकदा धुतली. एकही तांब्या राखेचा राहू दिला नाही. पाटी डोक्यावर घेताना तिचा तोल गेला, तेव्हा धोंडीनं हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही, आणि झिडकारलाही नाही. दोघं पुढे-मागे चालत घरी आली.

अवसेच्या सकाळी खाण बंद होती. सुरुंगाचा आवाज नसल्यानं गाव कान देऊन बसल्यासारखं वाटत होतं. धोंडीनं ओटीवर पाच माणसांत, नजर जमिनीला लावून, पण एक शब्द न गाळता सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर आबाजीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. लहान भावाला पोहायला त्यानंच शिकवलं होतं, त्याच डोहात.

बाया जमल्या. त्यांतल्या थोरलीनं पदराआड वरवंटा आणला होता.

जयवंता न्हाऊन तुळशीपुढे बसली होती. उन्हं वर आली होती, तरी तिनं दिव्यात चार वाती घातल्या, तेल ओतलं आणि चारही लावल्या. गुळाचा खडा ठेवला.

"आता गं कशाला?" इंदूबाई म्हणाली. पण तिच्या आवाजात टोचणं नव्हतं. "जिनं मारला, तिलाच दिवा?"

"घेतलेलं व्रत मधेच टाकू नये, इंदूबाई. उद्यापन करावं लागतं." तिनं हात जोडले. काय पुटपुटली ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग तिनं मागे न बघता हात पुढे केला. "वाइच तेल दे."

थोरली बाई वरवंटा घेऊन पुढे सरली. इंदूबाईनं तिला कोपरानं मागे सारलं आणि तेलाची वाटी जयवंताच्या हातात दिली.

जयवंतानं मनगटांना तेल चोळलं. बोटं चुंबळीसारखी आवळून तिनं एकेक हिरवी बांगडी उतरवली. बारा वर्षांत हाडं रुंदावली होती, शेवटच्या दोन सहज निघेनात. तिनं घाई केली नाही. दोन्ही निघाल्या, अख्ख्या. सगळ्या बांगड्या तिनं तुळशीच्या कट्ट्यावर ओळीनं ठेवल्या आणि ती उठली.

"पानांना गडी धाडलेत मी," आबाजी म्हणाला.

"त्यांना बोलवा माघारी, भावजी. पानं मी तोडीन."

"तीनशे साठ हायेत गं."

"मोजता येतं मला."

"अन् कपाळ?" बायांमधून कुणीतरी विचारलं.

"नदीवर," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

तिनं रिकामी पाटी कमरेवर घेतली, कोयता घेतला. धोंडी ओटीच्या कडेला उभा होता, तो बाजूला झाला. कपाळावरचं कुंकू अजून ठसठशीत होतं. उन्हात दिव्याच्या ज्योती दिसत नव्हत्या, नुसती त्यांच्या वरची हवा हलत होती. जयवंता कुंपणाच्या बेड्यातून बाहेर पडली आणि मोकळ्या मनगटांनी, बांधाबांधानं, पळसांच्या दिशेला चालू लागली.